कवळाण्याचा गोपाळ

१९८७ ते १९९१ अशी चार वर्षं मी मालेगाव तालुक्यातल्या एका बँकेच्या शाखेत शेतीकर्जाचा अधिकारी होतो. मोटारसायकलवरून गावोगाव हिंडायचं, विहिरींची कामं पाहायची, कर्जाचे हप्ते सोडायचे आणि वर्षा-दोन वर्षांनी त्याच रस्त्यांनी वसुलीला जायचं, असं ते काम. त्या काळात दोन सख्ख्या भावांना मी एकाच दिवशी विहिरीचं कर्ज मंजूर केलं होतं. वाटणी नुकतीच झालेली. एकाच बांधाच्या अलीकडे-पलीकडे दोन विहिरी. हातावर नारळ ठेवून जागा दाखवणारा पाणाड्याही एकच, आणि सुरुंग लावणारी माणसंही तीच. थोरल्याला पाच परसांवर पाणी लागलं. धाकट्याला सात परस खोदूनही काळा कातळच लागला.

पुढचं सांगायला नको. थोरल्याने कांदा केला, मग डाळिंब लावलं आणि तीन वर्षांत हप्ते चुकते करून तो शाखेत पेढे घेऊन आला. धाकटा माझी मोटारसायकल दिसली की शेताच्या मागच्या अंगाने निघून जाई. १९९० साली व्ही. पी. सिंग सरकारने दहा हजार रुपयांपर्यंतच्या थकबाकीला माफी दिली, तेव्हा ऐपत असून हप्ते बुडवणाऱ्यांना त्यातून वगळायचं होतं. कोण तसा आणि कोण खरा नडलेला, याचा शेरा आम्हा अधिकाऱ्यांच्या हातात होता. धाकट्याच्या नावापुढे मी हेतुपुरस्सर थकबाकीदार असं लिहिलं. भाऊ फेडतो, जमीन एकच, मग याला काय धाड भरली आहे, असा माझा सरळ हिशेब होता.

त्याच शाखेत पेन्शन घ्यायला येणारे एक गुरुजी होते. पेन्शनच्या दिवशी गर्दी असली की माझ्या टेबलासमोर बसून गप्पा मारत. कवळाणे त्यांच्या पाहण्यातलं गाव. बडोद्याच्या महाराजांची गोष्ट मी पाठ्यपुस्तकात वाचली होती, पण ती खऱ्या अर्थाने ऐकली ती त्यांच्याकडून, वसुलीच्या याद्या चाळता चाळता. तेव्हा ती मला एक चमत्काराची गोष्ट वाटली. तिच्यात माझ्यासाठी काही आहे, हे कळायला मला फार वर्षं लागली.

मार्च १८६३ मध्ये कवळाणे गावात काशीराव गायकवाड या शेतकऱ्याच्या घरी एक मुलगा जन्मला. नाव गोपाळ. घराणं बडोद्याच्या गायकवाडांच्या एका दूरच्या शाखेतलं, पण या नात्याने घरात काही येत नव्हतं. शेती, गुरं आणि पावसाची वाट पाहणं हेच आयुष्य. बाराव्या वर्षापर्यंत मुलाला धड लिहिता-वाचता येत नव्हतं.

हा मुलगा बडोद्याच्या गादीवर बसावा म्हणून काय काय घडावं लागलं, ते पाहा. खंडेराव महाराज १८७० साली वारले. त्यांना मुलगा नव्हता, पण पत्नी जमनाबाई गरोदर होत्या. मुलगा होता तर तोच गादीवर बसता. मुलगी झाली, म्हणून खंडेरावांचे भाऊ मल्हारराव राजे झाले. मल्हाररावांनी कारभाराचा विचका केला. खंडेरावांनी मोत्यांचा गालिचा विणवून घेतला होता, मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा ओतवल्या. रेझिडेंट कर्नल फेअर यांच्याशी त्यांचं वाकडं आलं. १८७४ च्या नोव्हेंबरात फेअरसाहेबांच्या पपनसाच्या सरबतात विष घातल्याचा आळ मल्हाररावांवर आला. चौकशीला सहा जणांचं कमिशन बसलं. तीन इंग्रज सभासदांना आरोप खरा वाटला, तिघा हिंदी सभासदांना तो शाबीत झालेला वाटला नाही. निकाल असा समसमान अडकला, तेव्हा सरकारने गैरकारभाराचं कारण पुढे करून एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केलं आणि जमनाबाईंना दत्तक घेण्याची परवानगी दिली.

एक मुलगी जन्मली नसती, एक पेला ओठाला लागून खाली ठेवला गेला नसता, तर गोपाळ कवळाण्यात नांगर धरून म्हातारा झाला असता आणि त्याचं नाव आज कुणाला माहीत नसतं.

गायकवाडांच्या शाखांमधली मुलं बडोद्यात बोलावली गेली. काशीरावही आपल्या मुलांना घेऊन गेले. तुम्ही इथे कशाला आलात, असं मुलांना विचारलं तेव्हा आपण राज्य करायला आलो आहोत असं गोपाळने बेधडक सांगितलं आणि म्हणून त्याची निवड झाली, अशी आख्यायिका आहे. आपल्याला ती फार आवडते. मला मात्र तिच्याबद्दल नेहमी एक शंका येते. कुणाचंही नशीब उघडलं की मागाहून त्याला गुणाचा दाखला जोडून द्यायचा, ही आपली जुनी खोड आहे. गोपाळ धीट होता म्हणून निवडला गेला असं म्हटलं की सगळ्यांनाच बरं वाटतं. निवडलेल्याला वाटतं, निवडणाऱ्यांना वाटतं आणि जी मुलं परत पाठवली गेली, त्यांच्याविषयी विचार करण्याचं कारणच उरत नाही. ती मुलंही कदाचित तितकीच धीट असतील. त्यांच्या विहिरीला कातळ लागला, एवढंच.

२७ मे १८७५ रोजी दत्तविधान झालं. गोपाळचे सयाजीराव झाले, आणि कवळाण्याच्या मुलाला एकवीस तोफांच्या सलामीचा मान मिळाला.

आता यानंतरची सहा वर्षं माझ्या मते सयाजीरावांच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची. चरित्रं वाचताना आपण ही पानं भराभर उलटतो, कारण तिथे फक्त अभ्यास आहे. एलियट नावाचे इंग्रज अधिकारी शिक्षक म्हणून नेमले गेले. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, गणित, इतिहास, घोडेस्वारी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तासांवर तास. सर टी. माधवराव दिवाण होते. राजाने कसं वागावं, प्रजेचा पैसा कसा खर्च करावा, यावर त्यांनी व्याख्यानं दिली. ती पुढे मायनर हिंट्स या नावाने छापली गेली. बारा वर्षांच्या मुलाला अक्षरओळखीपासून सुरुवात करायची होती, म्हणजे बरोबरीच्या राजपुत्रांपेक्षा तो सहा-सात वर्षं मागे होता. पण २८ डिसेंबर १८८१ रोजी अठराव्या वर्षी त्यांच्या हाती कारभार आला, तेव्हा कागद वाचून त्यावर निर्णय देणारा एक तरुण तयार झालेला होता.

जन्मतः राजपुत्र असलेल्याला हे कधी उमगत नाही. आपण शिकलो ते आपल्या रक्तात होतं, असंच त्याला वाटत असणार. सयाजीरावांना तशी समजूत करून घेण्याची सोय नव्हती. डोकं तेच होतं, कवळाण्यातही होतं. फरक पडला तो शिक्षक, पुस्तकं, दिवा आणि वेळेवर जेवण मिळाल्यामुळे. हा प्रयोग त्यांच्यावरच झालेला होता आणि निकाल त्यांच्यासमोर होता. त्यांच्या पुढच्या कारभारातल्या पुष्कळ गोष्टी मला या एका अनुभवातून निघालेल्या दिसतात.

अधिकार हाती आल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांतच त्यांनी अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढल्या. शिकवायला सवर्ण शिक्षक मिळेनात, तेव्हा मुसलमान शिक्षक नेमावे लागले. जोतीराव फुले यांनी १८८३ साली शेतकऱ्याचा असूड लिहिला, त्यातला भाग त्यांनी बडोद्याला जाऊन या तरुण महाराजांना वाचून दाखवला. त्या बैठकीची मला फार कल्पना करावीशी वाटते. अज्ञानामुळे शेतकरी कसा नागवला जातो याचं वर्णन चाललं आहे, आणि गादीवर बसलेल्या ऐकणाऱ्याने आठ वर्षांपूर्वीपर्यंत तेच घर आतून पाहिलेलं आहे. इतर कोणत्याही दरबारात ते पुस्तक वाचलं गेलं असतं तर ती तक्रार ठरली असती.

१८९३ साली अमरेली भागात, एक शहर आणि काही गावं धरून, सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. १९०६ साली तो सगळ्या संस्थानाला लागू केला गेला, मुलांना आणि मुलींनाही. हिंदुस्थानात असं दुसरीकडे कुठे झालेलं नव्हतं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक वरिष्ठ कायदेमंडळात मांडलं, तेव्हा त्यांच्यापुढे बडोद्याचं उदाहरण होतं. ते विधेयक पुढच्या वर्षी नामंजूर झालं. इंग्रज सरकारला जे परवडत नव्हतं ते बडोद्याला परवडलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

अमेरिकेच्या प्रवासात सार्वजनिक ग्रंथालयं पाहून आल्यावर त्यांनी १९१० साली बोर्डेन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणलं. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. १९०८ साली बँक ऑफ बडोदा निघाली. मी त्या बँकेत नव्हतो, पण आम्हा बँकवाल्यांना तिचा इतिहास ठाऊक असतोच. करांचंही तेच. जात आणि धंदा पाहून बसवलेले किरकोळ वेरे होते, ते काढून टाकून उत्पन्नावर कर बसवण्याकडे बडोद्याचा कारभार वळला. हिंदुस्थानच्या दारिद्र्याची आर्थिक मीमांसा लिहिणारे रमेशचंद्र दत्त त्यांच्याकडे आधी महसूलमंत्री आणि मग दिवाण होते. आपली माणसं निवडताना सयाजीराव कुणीकडे झुकत होते, हे यावरून दिसतं.

इथवर लिहून थांबलं तर हे शाळेच्या स्नेहसंमेलनातलं भाषण होईल. दुसरीही बाजू आहे आणि ती बँकेच्या माणसाला लवकर दिसते.

सयाजीराव जगातल्या श्रीमंत माणसांपैकी एक होते आणि तसेच राहत होते. लक्ष्मीविलास राजवाडा १८९० साली पुरा झाला. पहिल्या पत्नी चिमणाबाई १८८५ साली क्षयाने गेल्या, पुढे महाराजांची स्वतःची प्रकृतीही बिघडत राहिली, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने म्हणून १८८७ पासून युरोपच्या वाऱ्या सुरू झाल्या. त्या पुढे इतक्या वाढल्या की राजा महिनोन्‌महिने परदेशात असे. त्याचा खर्च त्याच शेतसाऱ्यातून होई. १८९९-१९०० च्या दुष्काळाला गुजरातेत छप्पनियो म्हणतात. महाराज दुष्काळी भागात स्वतः फिरले, कामं काढली. तरी १८९१ साली सुमारे २४ लाख असलेली संस्थानची वस्ती १९०१ च्या शिरगणतीत साडेएकोणीस लाखांवर आली होती. प्लेगही त्यात होता, स्थलांतरही होतं. पण एवढी माणसं कमी झाली, हे खरं.

शाळा सक्तीची झाली आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दंडही झाला. ज्या घरात सात वर्षांचं पोर गुरं राखतं म्हणून भाकरी शिजते, त्या घराला हा दंड काय वाटला असेल? वसुलीला हिंडलेल्या माणसाला ते विचारावं लागत नाही. हे गोपाळला कळलं असतं. सयाजीरावांना कितपत कळत होतं, कोण जाणे. धारासभा स्थापन झाली, पण शेवटचा शब्द महाराजांचाच राहिला. संधी वाटायला ते कधी मागे हटले नाहीत. खुर्ची मात्र जागची हलली नाही. मला यात ढोंग दिसत नाही. ज्याला एका संधीने खालून वर आणलं, त्याचा संधीवर फार मोठा विश्वास बसतो. पोराच्या हाती पाटी दिली की बाकीचं ते पाहून घेईल, असं त्याला वाटू लागतं. पाटी घेतलेल्या पोराला पुढे कोणकोणती दारं बंद मिळणार आहेत, ती त्याला दिसत नाहीत, कारण त्याच्यासाठी सगळी उघडली गेली होती.

ते १९१७ साली बडोद्यातच दिसलं. भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला कॉलेजसाठी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती महाराजांनी दिली होती. गुरुवर्य केळुसकरांनी त्यासाठी शब्द टाकला होता. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार. एका शेतकऱ्याच्या मुलाला मिळालेलं दैव दुसऱ्या एका मुलाकडे जात होतं, आणि इतकं सत्कारणी लागलेलं कर्ज मी तरी माझ्या नोकरीत पाहिलं नाही.

करारानुसार आंबेडकर बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला आले. शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव घेऊन ते राहिले. काही दिवसांत काठ्या घेतलेली माणसं आली आणि त्यांना जागा सोडायला सांगून गेली. ओळखीच्या एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनाही ते जमलं नाही. गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठीबागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. कामाठीबाग सयाजीरावांच्याच कारकिर्दीत, १८७९ साली तयार झालेली. महाराजांनी अमेरिकेत पाठवून शिकवून आणलेल्या माणसाला महाराजांच्या राजधानीत बसायला ती एवढीच जागा मिळाली. राजाचा हुकूम खजिन्यापर्यंत चालला, पण लोकांच्या घरांच्या उंबरठ्यांपाशी तो थांबला.

सयाजीरावांच्या स्वतःच्या घरातही एक गोष्ट घडली, ती सांगितल्याशिवाय त्यांचं आयुष्य पुरं होत नाही. त्यांनी मुलांच्या शिक्षणात काही कमी ठेवली नाही. एकाला हार्वर्डला पाठवलं, एकाला ऑक्सफर्डला. रियासतकार सरदेसाईंसारखा माणूस राजपुत्रांना शिकवायला होता. तरी थोरले फत्तेसिंहराव १९०८ साली पंचविशीतच वारले, शिवाजीराव १९१९ साली आणि जयसिंहराव १९२३ साली. व्यसनाने त्यांच्यापैकी काहींना पोखरलं होतं. शिक्षणाने माणूस उभा राहतो अशी ज्याची श्रद्धा, त्याच्या घरात उत्तमातलं उत्तम शिक्षण हरलं. गरिबीत वाढलेला मुलगा टिकतो आणि राजवाड्यातला वाहवतो, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणारे बहुधा पोटभर जेवलेले असतात. पण ज्यांना सगळं आधीपासूनच होतं, त्यांना ते आपल्या हाती आलं आहे हे कधी जाणवलंच नसेल का, असा विचार मनात येतो.

१९११ च्या दिल्ली दरबारात बादशहापुढे रीतीप्रमाणे न वागता पाठ फिरवून गेल्याबद्दल इंग्रजी वर्तमानपत्रांनी गदारोळ केला, त्यांच्यावर राजद्रोहाचा संशय आला. ती गोष्ट सर्वांना माहीत आहे, म्हणून तिच्यावर जास्त लिहीत नाही. तिथून पुढेही ते सत्तावीस वर्षं गादीवर होते. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. नातू प्रतापसिंहराव गादीवर आले, आणि दहाएक वर्षांत बडोदा संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झालं.

मी कवळाण्याच्या गोष्टीकडे पुन्हा वळलो ते निवृत्तीनंतर, एका कादंबरीसाठी टिपणं काढताना. तेव्हा आपलीही मतं कुठून आली, याचा शोध घ्यावासा वाटला. मेहनती माणूस अडत नाही, असं मी नोकरीत असताना अगदी ठामपणे सांगत असे. माझे वडील नाशिकला सरकारी नोकरीत होते. घरात वर्तमानपत्र येई. परीक्षा जवळ आली की आई मला दळणालासुद्धा पाठवत नसे. बँकेची परीक्षा मी स्वतःच्या हिमतीवर दिली, असं मी मुलगी पाहायला गेलो तेव्हाही सांगितलं होतं. ती पुढे माझी बायको झाली. मी हे पुन्हा सांगू लागलो की ती उठून चहा टाकायला जाते.

दोन वर्षांपूर्वी मालेगावला एका लग्नाला गेलो होतो, तिथून रिक्षा करून त्या दोन भावांच्या गावी गेलो. थोरल्याची डाळिंबाची बाग गेली आहे, पण शेततळं आहे आणि नातू ट्रॅक्टर चालवतो. त्याने मला ओळखलं नाही, आजोबा असते तर ओळखलं असतं. धाकट्याच्या विहिरीत सात परस खाली कातळावर थोडं पावसाचं पाणी साचलं होतं आणि कडेच्या फटीतून एक पिंपळ बाहेर आला होता. ती जमीन १९९४ साली विकली गेली, असं कळलं. कर्ज फेडायलाच विकली. धाकटा बायको-मुलं घेऊन मालेगावला यंत्रमागावर कामाला गेला, त्यापुढचं कुणाला सांगता येईना. नातवाने मला चहा दिला. पाच वाजताची एसटी होती, ती मी धरली.